ब्रेकताई आणि कपाटातली ट्यूब

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. ब्रेकताईंना त्यावरूनच हे नाव पडलं होतं, पण ब्रेक दाबण्यावरून नव्हे, न दाबण्यावरून. समोर भिंत दिसायला लागली तरी त्या हाताची घडी घालून बसायच्या. "ब्रेक तुमच्याही पायाशी आहे की," असं शांतपणे म्हणायच्या. शिकणाऱ्याचा पाय आपोआप खाली जायचा आणि गाडी थांबायची. अगदी गळ्याशी आलं तरच ताईंचा पाय हलायचा. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला दोन-चार ओरखड्यांपलीकडे काही झालं नव्हतं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बारीक स्क्रू, बारीक काचा, बारीक अक्षर यांत आयुष्य गेल्यामुळे माणूस बोलायलाही बेताचाच. मुलगी नोकरीनिमित्त लांब राहायला गेली होती. दोघांचं बरं चाललं होतं.

पन्नाशीला ताईंची पाळी थांबली. वर्षभर अंगातून गरम वाफा निघायच्या, भर वर्गात त्या गाडीची काच खाली करायच्या, मग तेही थांबलं. "सुटले एकदाची," असं त्यांनी थोरल्या बहिणीला, अक्काला, फोनवर सांगितलंसुद्धा. पुढच्या वर्षी दुसरंच सुरू झालं.

आधी नुसता कोरडेपणा. मग बसलं की चुरचुर, चाललं की घासल्यासारखं, लघवीला गेलं की आग. लघवीची कळ आली की थांबणं नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी तपासून जंतू असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या. बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. एका वर्षात चार वेळा गोळ्या झाल्या. ताईंनी जीन्स घालणं सोडलं, सीटवर मऊ उशी आणली आणि त्या उशीवरही कधी डाव्या, कधी उजव्या कुल्ल्यावर भार देऊन बसायला लागल्या.

आणि शिकवण्याचे रस्ते बदलले. पूर्वी त्या मोकळ्या रस्त्याने नदीच्या पुलापर्यंत न्यायच्या. आता वाचनालय, मग पेट्रोल पंप, मग फर्निचरचं मोठं दुकान, असा फेरा. वाचनालयाचं स्वच्छतागृह सगळ्यात स्वच्छ. पंपावरच्याला कडी नव्हती, पण दार घट्ट बसायचं. फर्निचरच्या दुकानात आत शिरल्यावर विक्रेता मागे लागायचा, म्हणून तिथे अगदीच नाइलाज असेल तर. शिकणाऱ्यांना वाटायचं, ताई गाडी लावायची प्रॅक्टिस करून घेताहेत. एकाने तर लिहून दिलं, की पार्किंग असं घोटून घेणारी शिक्षिका दुसरी नाही.

घरात मात्र काही लिहून देण्यासारखं नव्हतं. नवऱ्याने जवळ घेतलं की ताईंच्या अंगावर काटा यायचा, कारण पुढे काय दुखणार ते माहीत असायचं. दोन-तीनदा त्यांनी दात आवळून सोसलं. नंतर "आज दमलेय", "आज डोकं दुखतंय" सुरू झालं. नवऱ्याने काही विचारलं नाही. एक दिवस स्वतःची उशी घेतली आणि "मी फार घोरतो, तुझी झोप मोडते," म्हणून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले. ताईंना हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचंच वाईट वाटलं. तीन वर्षं अशीच गेली.

मग गाडीच्या काचेला कोणीतरी एक चकचकीत कागद अडकवून गेलं. त्यावर हसऱ्या बाईचा फोटो, आणि खाली, 'कोरडेपणा? जळजळ? लेसरने तीन भेटींत सुटका. प्रत्येक भेट पंधरा मिनिटं.' ताईंनी तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. आपल्याला जे होतंय ते कोणीतरी छापण्याइतकं असतं, हेच त्यांना नवीन होतं. फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, गुरुवारी सकाळी या. तपासणीची गरज नाही, थेट पहिली भेटच करून टाकू." ताई हो म्हणाल्या.

त्याच महिन्यात त्यांच्याकडे एक डॉक्टर गाडी शिकायला आल्या होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ, वय एकोणपन्नास. त्यांचा जुना ड्रायव्हर निवृत्त झाला होता आणि आता स्वतःच चालवायची असं त्यांनी ठरवलं होतं. ऑपरेशनच्या खोलीत ज्यांचा हात कधी थरथरला नसेल, त्या बाई स्टेअरिंग धरलं की घामाघूम व्हायच्या. क्लच सोडताना डोळे मिटायच्या.

"डॉक्टर, डोळे उघडे."

"उघडेच आहेत."

"मला आरशात दिसतंय."

मंगळवारी सकाळच्या वर्गात ताईंनी तिसऱ्यांदा वाचनालयापाशी गाडी थांबवायला सांगितली, आत जाऊन आल्या, आणि उशीवर जपून, एका अंगाने बसल्या. डॉक्टरांनी गाडी सुरू केली नाही. समोर बघतच विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे?"

"काय?"

"जळजळ. घाई. असं तिरकं बसणं. मी आठ दिवस बघतेय."

गाडीत एक सोय असते. दोघींनाही समोर बघावं लागतं. समोर एक माणूस शिडीवर चढून वाचनालयाची पाटी पुसत होता. त्याच्याकडे बघत ताईंनी सगळं सांगितलं. खाली आग होते, खाली कोरडं पडलंय, खाली हात लावला तरी चरचरतं. सांगता सांगता लेसरचा कागदही निघाला.

डॉक्टर म्हणाल्या, "खाली म्हणजे पायाचे तळवे नव्हेत ना?"

ताईंना हसू फुटलं. हसलं की थेंब सुटतो म्हणून त्यांनी मांड्या आवळल्या. डॉक्टरांनी तेही बघितलं.

"गुरुवारच्या आधी, उद्याच माझ्याकडे या," त्या म्हणाल्या. "तपासल्याशिवाय थेट यंत्र लावणाऱ्याकडे जायचं नाही. आता सांगा, पहिला गिअर कुठे?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात उलटं झालं. गाडीत "घाबरू नका, अंग सैल सोडा" असं ताई म्हणायच्या, इथे डॉक्टर म्हणत होत्या. तपासणी हळू केली, दुखलं की थांबल्या. मग खुर्चीत बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं.

"पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे योनीचं अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं, जरा घासलं तरी दुखावतं. लघवीची वाट शेजारीच, तिचंही तेच होतं, म्हणून सारखे जंतू आणि सारखी घाई. पाळी गेलेल्या साधारण निम्म्या बायकांना हे थोडंफार होतं. अंगातल्या वाफा जशा आपोआप गेल्या, तसं हे जात नाही. वाढतच राहतं."

"निम्म्या? मग कोणी बोलत का नाही?"

"तुम्ही बोललात का?"

ताईंनी पर्समधला लेसरचा कागद पुढे केला. त्याचं काय, असं विचारलं.

"लेसरने अस्तराला बारीक बारीक इजा करतात. भरून येताना ते जाड आणि ओलसर व्हावं, अशी कल्पना. काहींना बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण काही अभ्यासांत अर्ध्या बायकांना खरं लेसर दिलं आणि अर्ध्यांवर नुसतं यंत्र फिरवलं, तेव्हा दोन्हीकडे जवळपास सारखाच फरक पडला. क्वचित भाजतं, व्रण राहतो, दुखणं वाढतं. उद्या नीट सिद्ध झालं तर मीच तुम्हाला पाठवीन. आज मात्र सुरुवात तिथून करायची नाही."

सुरुवात साधी होती. इस्ट्रोजेनचं कमी ताकदीचं मलम, योनीत आतून लावायचं. दोन आठवडे रोज झोपताना, नंतर आठवड्यातून दोनदा. संबंधाच्या वेळी वापरायला वेगळं वंगण. साबणाने आतून धुणं बंद. छातीची तपासणी वेळच्या वेळी झाली आहे ना, कधी मध्येच रक्त गेलं का, घरात कोणाला काय आजार, सगळं विचारून झालं. थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे ताईंनी सांगितलं. "आजार त्यांना झाला होता, तुम्हाला नाही. एवढ्यावरून हे मलम टाळायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाल्या. ताईंनी लेसरची गुरुवारची वेळ फोन करून रद्द केली.

इथे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण ताईंनी खोका उघडला, तर ट्यूबबरोबर घड्यांचा एक लांबलचक कागद निघाला. मुंगीएवढी अक्षरं. त्यातून त्यांना तीनच शब्द ठळक वाचता आले. कॅन्सर, रक्ताची गाठ, पक्षाघात. अक्काचे केस गेले होते ते दिवस डोळ्यांपुढे आले. दवाखान्याच्या बाकावर अक्काचं डोकं त्यांच्याच खांद्यावर असायचं. त्यांनी कागदाची होती तशी घडी केली, ट्यूब खोक्यात घातली आणि खोका कपाटात, गरम कपड्यांच्या मागे सरकवला.

"चालू केलं?" डॉक्टरांनी गाडीत विचारलं.

"चालू आहे," ताई म्हणाल्या.

सव्वा महिना त्या खोटं बोलत राहिल्या. वाचनालय, पेट्रोल पंप, फर्निचरचं दुकान.

एका रविवारी सकाळी चष्मेवाले जुना स्वेटर शोधत होते. ताई आंघोळ करून आल्या तर नवरा खिडकीपाशी बसलेला. पुढ्यात खोका, हातात दुकानातलं मोठं भिंग, आणि तो लांबलचक कागद टेबलावर पूर्ण पसरलेला.

"अहो, ते माझं आहे."

"हो, नाव आहे वर." त्यांनी मान वर केली नाही. "दोन्ही बाजू वाचल्या. हे कशासाठी देतात, तेही वाचलं. कोरडेपणा, जळजळ, आणि..." ते थांबले. "संबंधाच्या वेळी वेदना."

ताई पलंगावर टेकल्या.

"तुला दुखत होतं?"

ताईंनी मान हलवली.

"तीन वर्षं?"

"जास्तच."

चष्मेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि मला वाटत होतं, तुला माझा कंटाळा आला. मी घोरतो म्हणून बाहेर गेलो, ते काय खरं होतं? तू अंग चोरायचीस. मी मनाला लावून घेतलं. म्हटलं, वय झालं, नको असेल बाईला. अगं, एवढं बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत?"

"नाही," ते म्हणाले. "तेही खरंच."

ताई रडल्या, आणि रडता रडताच त्यांना हसू आलं, कारण नवरा पुन्हा भिंग उचलून कागदावर वाकला होता. बारीक अक्षर अर्धवट सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"हे बघ, हे कॅन्सरचं जिथे लिहिलंय, तिथे बरंचसं पोटात घ्यायच्या गोळ्यांच्या अभ्यासाबद्दल आहे. मलमाला हेच कलम का लावलंय, ते मला कळत नाही. मी चष्मेवाला. तू डॉक्टरांनाच विचार. पण खरं सांगून विचार."

सोमवारी चौकातल्या गोलाला वळसा घालताना ताईंनी ते सांगितलं. "डॉक्टर, मी ते मलम सुरूच केलेलं नाही."

"काय?" डॉक्टरांचा पाय क्लचवरून निसटला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली, बरोबर चौकाच्या मध्यात. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला.

"न्यूट्रल करा. चावी फिरवा. घाई नाही."

"सव्वा महिना तुम्ही मला 'चालू आहे' सांगताय!"

"तुम्हीही घरी सराव केला म्हणून सांगता. आधी चावी फिरवा."

गाडी बाजूला घेतल्यावर डॉक्टरांनी समजावलं. कागदावरची ती सूचना पूर्ण शरीरात जाणाऱ्या औषधांवरून आली होती आणि एका जातीच्या सगळ्या औषधांवर तीच छापत आले होते. हे मलम लावलेल्या जागीच काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं. "तरी रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, आणि सहा महिन्यांनी मला दाखवायचं. शंका आली तर मला विचारायचं, कपाटाला नाही." चूक आपलीही आहे, असंही त्या म्हणाल्या. कागद वाचून बायका घाबरतात हे ठाऊक असूनही आपण आधी बोललो नाही. तेव्हापासून त्या प्रत्येकीला तो कागद आधीच दाखवतात, असं ऐकलंय.

त्या रात्रीपासून मलम सुरू झालं. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नाही. ताई कुरकुरल्या. चौथ्या आठवड्यात लघवीची आग गेली. आठव्या आठवड्यात एका नव्या मुलीला शिकवताना त्या पार नदीच्या पुलापर्यंत गेल्या, पुलावर गाडी उभी करून त्यांनी तिला चढावर हाफ क्लच शिकवला, आणि परतताना त्यांच्या लक्षात आलं, की वाचनालय मागे राहिलं आणि आपल्याला आठवणही झाली नाही. त्यांनी काही न बोलता काच खाली केली आणि वारा घेतला.

चष्मेवाले बाहेरच्या खोलीतून परत आत आले. खरंच घोरत होते, ते वेगळं. घाई दोघांनीही केली नाही. वंगणाची बाटली आणायला ते स्वतः औषधाच्या दुकानात गेले आणि कान लाल करून परत आले, म्हणाले, "दुकानदाराने जाड फ्रेमबद्दल विचारलं, मी तासभर तेच बोलत बसलो." सोमवार आणि गुरुवार मलमाचे. विसरायला नको म्हणून त्यांनी दुकानातल्या कॅलेंडरवर त्या दिवसांना बारीक गोल केले. एकदा दुकानात आलेल्या अक्काने विचारलं, "हे गोल कसले?" चष्मेवाले म्हणाले, "काचा यायचे दिवस." आणि आत सटकले.

ताईंनी मात्र अक्काला वर नेलं, चहा ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं. अक्काने कप खाली ठेवला.

"मी करून आले ते."

"काय?"

"लेसर. दोन वर्षं झाली. दोनदा केलं. तिसऱ्यांदा गेले नाही. पहिल्यांदा जरा बरं वाटलं, मग होतं तिथेच. कॅन्सर परत येऊ नये म्हणून गोळी चालू आहे ना, तिने तर सगळं वाळवंट झालंय. कोणाला सांगणार? म्हटलं जीव वाचला, आता या वयात ही असली तक्रार काय करायची?"

"मला सांगायचं."

"तू सांगितलंस मला?"

दोघी बहिणी एकाच आईच्या, एकाच दुखण्याच्या, आणि तोंडाला कुलूपही एकाच जातीचं.

पुढच्या आठवड्यात ताई अक्काला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. इथे गोष्ट ताईंसारखी सोपी नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "तुमची गोळी इस्ट्रोजेन कमी ठेवण्यासाठीच आहे. तेव्हा हे मलम मी माझ्या एकटीच्या जिवावर देणार नाही." त्यांनी अक्काच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं ठरलं, की आधी हार्मोन नसलेलं ओलावा धरणारं जेल, आठवड्यातून तीनदा, नेमाने. कोरडं वाटो न वाटो, लावायचंच. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीच भागलं तर मलमाचा विचार दोघं मिळून करू.

तीन महिन्यांनी अक्का म्हणाल्या, "शंभर टक्के नाही, पण सत्तर तरी. बसता येतं, झोप लागते. बाकीच्या तिसासाठी मी भांडणार नाही आता." आणि पुढच्या सोमवारपासून त्या पोहायला जाऊ लागल्या. बासष्टाव्या वर्षी, एका बाजूची छाती सपाट, अंगात निळा पोशाख, आणि पोहून आल्यावर ताईंना फोन, की आज किती फेऱ्या झाल्या.

डॉक्टर पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, रिव्हर्स घेताना. दुसऱ्यांदा पास झाल्या. मागच्या महिन्यात ताई तपासून घ्यायला गेल्या तेव्हा डॉक्टरांची गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती, जरा वाकडी, पण दोन रेघांच्या आत. सगळं ठीक होतं. जंतूंची एकही गोळी दहा महिन्यांत लागली नव्हती.

"हे किती दिवस लावायचं?" ताईंनी विचारलं.

"हवं तोवर. बंद केलंत की हळूहळू पुन्हा कोरडं पडेल. दरवर्षी मला दाखवत राहा."

"म्हणजे कायमचंच की."

"दात घासणं कायमचंच असतं ना?"

ताईंनी खांदे उडवले आणि उठल्या. बाहेर त्यांची अकराची विद्यार्थिनी गाडीपाशी वाट बघत होती. छपन्न वर्षांची, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली गणिताची बाई. ती सीटवर बसली, पट्टा लावला आणि चुळबुळत म्हणाली, "ताई, वाटेत कुठे थांबता येईल ना? मला जरा वरचेवर..."

"वाचनालयापाशी थांबू," ताई म्हणाल्या. "आणि समोर बघून गाडी चालवता चालवता मला सांगा, हे किती दिवसांपासून आहे."